आठवडाभर एकच स्तोत्र

वाचक भगिनीचं पत्र: जय ख्रिस्त. मी भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. घरी सासूबाई आहेत, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी. दर १ जानेवारीला ठरवते की यंदा वर्षभरात पवित्र शास्त्र पूर्ण वाचायचं, आणि दर फेब्रुवारीत लेवीय या पुस्तकात अडकते. पहाटे पाचला उठून पाहिलं, तर प्रार्थनेत डुलक्या येतात. मननाचं एक पुस्तक आणलं, तारीखवार आहे. ते ९ मार्चवर थांबलंय. मोबाईलवर रोज सकाळी चार ठिकाणांहून वचनं येतात, आमेन टाकते आणि स्टेशनला पोचेपर्यंत विसरते. सासूबाई रोज तासभर वाचतात. महिला मंडळात कुणी रोजच्या वाचन-प्रार्थनेबद्दल विचारलं, 'शांतवेळ चालू आहे ना?' की हो म्हणते आणि घरी येऊन रडते. माझ्यासारखीने काय वाचावं, कधी आणि कसं? कोणतं पुस्तक घ्यावं?

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. आधी लेवीयाचं बोलू, कारण त्याचा दोष तुम्ही विनाकारण स्वतःच्या माथी घेतला आहे. आपल्या पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय कथेच्या ओघात सरतात आणि २८ जानेवारीच्या सुमारास लेवीय सुरू होतं. त्याचे २७ अध्याय, लगेच पुढच्या गणना या पुस्तकाचे ३६. म्हणजे जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारीचा पहिला अर्धा भाग होमार्पणं, चट्ट्यांचे नियम आणि शिरगणती. मुलं झोपल्यावर, पाठ मोडलेली असताना, कुणी समजावून सांगणारं नसताना हे वाचायचं! तिथं थांबणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. लेवीय वाचायचंच आहे, पण इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० हे अध्याय वाचून झाल्यावर. लेवीयाच्या १६व्या अध्यायातला प्रायश्चित्ताचा दिवस त्या उजेडात उलगडतो. यंदा ते बाजूला ठेवा.

आता ते ९ मार्चवर थांबलेलं पुस्तक. तारीखवार मननाच्या पुस्तकाची अडचण अशी की ते रोज नवं पान मागतं. बाळाला ताप आला, तीन दिवस गेले, की चौथ्या दिवशी चार पानांची बाकी डोक्यावर. ती फेडायला बसलं की आजचं पान राहतं. महिन्याभरात पुस्तक उघडायचीच भीती वाटू लागते. शिवाय रोज नवा उतारा, नवा विषय, नवा लेखक; तुमची दहा मिनिटं तर दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांनी येतात. पहिल्या तुकड्यात विषय कळेपर्यंत दूध उतू जातं, आणि दुसरा तुकडा मिळेपर्यंत पहिला विसरलेला असतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे: आठवडाभर एकच छोटा उतारा ठेवा. पाच ते दहा वचनं, सोमवार ते शनिवार तीच. एक दिवस चुकला तर काही बुडत नाही, कारण उद्याही तेच वचन समोर असणार आहे. आणि पाचव्या-सहाव्या वाचनात जे दिसतं ते पहिल्या वाचनात दिसत नाही.

सुरुवातीला स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं घ्या. यरुशलेमेला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ती गाणी आहेत. आपल्याकडे वारीच्या वाटेवर अभंग म्हणतात, तशी वाटेवर म्हणायची. ज्या बाईचा निम्मा दिवस स्टेशन, जिना आणि डब्यात जातो तिला ती चपखल बसतात. १३२वं १८ वचनांचं आहे, ते दोन आठवड्यांत वाटून घ्या. बाकी सगळी जास्तीत जास्त नऊ वचनांची, आणि १३१, १३३, १३४ तर तीन-तीन वचनांची. त्यात घर आहे, झोप आहे, जेवणाभोवती बसलेली मुलं आहेत, आसवं गाळत पेरणारे आहेत, पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. १३१व्या स्तोत्रात तर आईला बिलगून निवांत झालेलं, दूध तुटलेलं मूल आहे. तुमचा धाकटा ज्या वयाचा आहे त्या वयात ते स्तोत्र वाचायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

तयारी रविवारी करायची. चर्चहून आल्यावर, जेवणं उरकली की, मिस्टर घरी असतील तर त्यांना सांगा, 'वीस मिनिटं बाळाला घ्या, दार लोटून घेते.' त्यांची रविवारी ड्युटी असेल तर सासूबाईंना सांगा. त्या वीस मिनिटांत येत्या आठवड्याचं स्तोत्र हाताने दोनदा लिहून काढायचं. पोस्टकार्डाएवढी दोन कोरी कार्डं पुरतात. साध्या बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई ओला हात लागला की पसरते. एक कार्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, चहा-साखरेचे डबे जिथे ठेवता तिथे. गॅसच्या वर लावू नका, वाफेनं आणि तेलानं दोन दिवसांत कार्ड जातं. दुसरं कार्ड पासच्या किंवा ऑफिसच्या आयकार्डच्या प्लास्टिक कव्हरमध्ये मागच्या बाजूने सरकवा. लिहिताना शब्द गाळू नका आणि झेरॉक्सही काढू नका. हाताने लिहिताना प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं, तेच आठवड्याचं पहिलं वाचन.

१२१वं स्तोत्र घेऊन आठवडा कसा जातो ते जवळून पाहू.

सोमवारी फक्त मोठ्यानं वाचायचं, दोनदा. डाळीच्या कुकरला पहिली शिट्टी होईपर्यंत दोन्ही वाचनं होतात. 'मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो; मला साहाय्य कोठून येईल?' कसलं चिंतन नको, काही सुचलं पाहिजे असंही नको. ओठ हलले, कानांनी ऐकलं, एवढं बस.

मंगळवारी गाडीत कार्ड काढा आणि बोलतंय कोण ते शोधा. पहिल्या दोन वचनांत 'मी' आणि 'मला' आहे. तिसऱ्यापासून शेवटपर्यंत 'तू' आणि 'तुझा'. म्हणजे एक माणूस डोंगराकडे पाहून विचारतो आणि दुसरा कुणीतरी त्याला उत्तर देतो. यात्रेत शेजारून चालणारा असेल, घरी राहिलेली आई असेल. स्तोत्रात ते सांगितलेलं नाही. पण इतकं कळलं की तुम्हाला दोन जागा मिळतात: काही दिवस तुम्ही विचारणाऱ्या, काही दिवस दुसऱ्याला उत्तर देणाऱ्या.

बुधवार थोडा अभ्यासाचा. पुन्हा पुन्हा येणारा शब्द शोधा. इथे तो 'रक्षक' आणि 'रक्षण' आहे. मूळ हिब्रूत राखण करणे या अर्थाचा एकच धातू या आठ वचनांत सहा वेळा येतो. मराठीत शेवटच्या वचनात तो 'सुरक्षित करील' असा झालाय. मग डोंगरांचं पाहा. यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली आहे आणि यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. एका दिवसाच्या चालीत हजार मीटरची चढण, ओसाड, उन्हाची, लुटारूंची. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस याच रस्त्यावर लुटला गेला. 'तो तुझा पाय ढळू देणार नाही' हे वाक्य अशा वाटेवरचं आहे. आता तिसरं आणि चौथं वचन बघा: राखणारा झोपी जात नाही, डुलकीही खात नाही. ताई, प्रार्थनेतल्या डुलकीबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याचं उत्तर इथेच आहे. तो डुलकी घेत नाही म्हणून तुम्हाला घेता येते.

गुरुवारी नावं घालून प्रार्थना करायची. मुलीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवताना 'तुझा पाय' या जागी तिचं नाव घाला. मिस्टर नाइट शिफ्टला असतील तर 'रात्री चंद्राची बाधा होणार नाही' हे त्यांच्यासाठी म्हणा. आणि 'परमेश्वर तुझे येणेजाणे' हे शेवटचं वचन संध्याकाळच्या गर्दीत स्वतःसाठी ठेवा. इथे एक जपायचं आहे. हे वचन ताईत नव्हे. विश्वासू माणसांनाही अपघात होतात, त्यांचीही मुलं आजारी पडतात. ज्या स्तोत्रसंहितेत १२१वं आहे तिच्यातच ८८वंही आहे, ते अंधारात संपतं. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात संकट, उपासमार, तरवार यांची यादी देतो आणि यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही असं सांगतो. १२१व्या स्तोत्रातलं रक्षण या अर्थानं धरा, म्हणजे वाईट दिवशीही ते हातातून सुटणार नाही.

शुक्रवारी मुलीला दोन वाक्यांत सांगा. सात वर्षांच्या मुलीला 'देव झोपतो का?' हा प्रश्न फार आवडतो. ती जे उलट विचारेल ते तुमचं शुक्रवारचं मनन. तिला जे सांगता येत नाही ते आपल्यालाही नीट कळलेलं नसतं, तेव्हा अडलात तर शनिवारी त्याच वचनाकडे परत या.

शनिवारी कार्ड न बघता म्हणून पाहा. सहा दिवसांत निम्मं तरी पाठ झालेलं असतं. मग वहीत तारीख घालून एकच ओळ: या आठवड्यात कोणता शब्द धरून राहिला. परिच्छेद लिहू नका, दोन आठवड्यांनी वहीचीही बाकी वाटू लागेल.

एखादा दिवस गेला तर मागचं भरून काढायचं नाही. बुधवारी चुकलात आणि गुरुवारी उभ्या राहिलात तर गुरुवारचंच करा. सबंध आठवडा गेला, मुलीची परीक्षा, पाहुणे, आजारपण, तर पुढच्या रविवारी नवीन कार्ड लिहू नका, तेच राहू द्या. पंधरा स्तोत्रांना वीस आठवडे लागले तरी हरकत नाही.

वेळेबद्दल. मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारात उठून प्रार्थनेला गेला, हे वचन महिला मंडळांत फार वेळा सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. त्याच मार्कात ४:३८ला तो भर वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपलेला आहे, तेही तितकंच खरं. बाळ रात्री दोनदा उठत असेल आणि तुम्ही बारा वाजता आडव्या होत असाल तर पाचला उठू नका. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे' म्हणून निजला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं (१ राजे १९). आणि यशयाच्या ४०:११ मध्ये मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्यांना सांभाळून नेतो. कळपाची चाल त्यांच्या बेतानं ठरते. तुम्ही सध्या त्या पाजणाऱ्यांपैकी आहात.

ठरावीक घड्याळाची वेळ तुमच्या घरी टिकणार नाही. त्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या कामाला वाचन बांधा: कुकर, गाडी, बाळाला झोपवणं. यातली दोन ठिकाणं निवडा, तीन नकोत. गाडीत बसायला मिळालं तर कार्ड किंवा छोटा नवा करार; उभं राहावं लागलं तर ऐकणं. 'यूव्हर्जन' या मोफत ॲपवर बायबल सोसायटीचं मराठी पवित्र शास्त्र मिळतं. मराठी ऑडिओ घरच्या वायफायवर उतरवून ठेवता आला तर ठेवा आणि मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे ऐकता ऐकता मेसेज उघडला जाणार नाही. एकाच कानात इअरफोन घाला, दुसरा स्टेशनसाठी मोकळा. दारात उभं राहून मोबाईल हातात धरू नका. ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायला संकोच वाटत असेल तर हन्ना आठवा: तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे (१ शमुवेल १). देवानं ऐकलं.

ऐकण्यासाठी आठवड्याचा उतारा नको, लांब कथाभाग ठेवा: रूथ (चारच अध्याय), एस्तेर, मार्कचं शुभवर्तमान. मार्कचे सोळा अध्याय दोन-तीन दिवसांच्या प्रवासात ऐकून होतात, आणि एका दमात ऐकलं की त्याची घाई, त्याचा वेग कळतो. संपूर्ण शास्त्र वाचायची तुमची इच्छा चांगली आहे, ती सोडू नका. रोज एक अध्याय ऐकला तर सव्वातीन वर्षांत संपतं. पण ते दुसऱ्या रुळावरून चालू द्या. कार्ड पहिलं.

सकाळच्या चार फॉरवर्डचं काय करायचं? ग्रुप म्यूट करा. मनात अपराधीपणा आणू नका, तुम्ही वचन नाकारत नाही. सुट्टं वचन फुलांच्या चित्रावर आलं की ते कुणी कुणाला कधी सांगितलं ते गळून पडतं. यिर्मया २९:११ घ्या, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत ते वचन. ते बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं लिहिलंय. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतले कितीतरी जण परतले नाहीत. ती आशा त्यांच्या मुला-नातवंडांसाठी होती. आईला हे वचन त्या संदर्भासह वाचायला मिळालं तर केवढं बळ येतं! फिलिप्पै ४:१३चंही तसंच. 'मला सर्व काही शक्य आहे' हे पौलानं तुरुंगातून, उपास आणि विपुलता दोन्ही सोसायला शिकलो, या वाक्याला जोडून लिहिलंय. दहा कामं एका दिवसात उरकण्याचं ते वचन नाही.

आणि नीतिसूत्रे ३१. आयांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ती सद्गुणी स्त्री भेटते आणि वाचणारी थकलेली बाई आणखी वाकते. त्या बावीस ओळी हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर रचलेल्या आहेत, क्रमाने एकेक अक्षर. ती स्तुतीची कविता आहे, एका दिवसाचं वेळापत्रक नाही. त्या अध्यायाच्या आरंभीच लिहिलंय की लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेली ही वचनं आहेत. आणि ती रात्र सरायच्या आत उठते त्याच १५व्या वचनात तिच्या दासीही आहेत. तुमच्याकडे नाहीत.

पुस्तक घ्यायचंच असेल तर दुकानात उभ्या राहून त्यातलं मधलं एक पान पुटपुटत वाचा. भाषा जिभेवर अडखळत असेल, इंग्रजीतून उचलून ठेवल्यासारखी वाटत असेल, तर घेऊ नका. थकलेल्या डोक्याला ती झेपत नाही. पानावर फक्त एक वचन छापलंय की चार-पाच वचनांचा उतारा उघडायला सांगितलाय ते पाहा. लेखक आधी तिथे काय घडलं ते सांगतो की थेट आपल्या अनुभवावर येतो, तेही पाहा. तारखा नसलेलं बरं. असतील तर तारखांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून क्रमांक घाला, खरंच उपयोग होतो. विश्वास ठेवला की पगार वाढेल, घर होईल असं पानापानावर सांगणारं पुस्तक परत ठेवा. तसंच आयांना नुसतं कुरवाळणारं, 'तू ग्रेट आहेस' एवढंच सांगणारंही. पाप, क्षमा, क्रूस, विलाप यांच्याबद्दल ज्यात काही नाही ते पुस्तक कठीण आठवड्यात कामाला येत नाही. अक्षर मोठं असावं, गाडीत हलतं. आणि पुस्तकाची जागा बुधवारी, आठवड्यातून एकदा. सहाही दिवस त्याला दिले की शास्त्र मागे पडतं आणि त्याच्याबद्दल कुणी काय म्हटलं तेवढंच आपण वाचत राहतो.

भाषांतराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. पाठ करायला बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र चांगलं, चर्चमध्ये तेच वाचतात, कानावर बसलेलं असतं. पण त्यातला एखादा शब्द मुलीला समजला नाही तर सोप्या भाषांतराशी ताडून पाहायला बिचकू नका. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं, केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२१मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली. १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या, त्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं होतं. आईचं दुःख उराशी धरून केलेलं ते काम आहे. कॅथलिक भगिनींकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, त्याची मराठी ओघवती आहे. त्यांच्यासाठी आणखी एक सोय: मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वाचनं ठरलेली असतात, तेव्हा येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारपासूनच कार्डावर घ्यायचं. रविवारी प्रवचन ऐकताना सहा दिवसांची ओळख झालेली असते.

सासूबाई. त्यांचा तास तुम्हाला टोचतो, हे पत्रात दिसतं. त्यांच्या तासातली दहा मिनिटं मागून घ्या. संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हणा, 'आई, माझे हात पिठाचे आहेत, तेवढं स्तोत्र मोठ्यानं वाचता का?' पहिल्या दिवशी त्या तीन स्तोत्रं वाचतील, वाचू द्या. दुसऱ्या दिवशी कपाटावरचं कार्ड दाखवून सांगा, या आठवड्यात आम्ही हे वाचतोय. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसलेले असता, वाटेने चालता, निजता, उठता ही वचनं मुलांना शिकवा असं सांगितलंय. त्या चार वेळा एकट्या आईला झेपत नाहीत, आजी हवीच. रात्रीची कौटुंबिक उपासना याच धाग्यावर सात मिनिटांत होते. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातल्या एका गीताचं एकच कडवं, कार्डावरचं स्तोत्र मुलीनं वाचायचं, तिनंच एक प्रश्न विचारायचा, आजीनं प्रार्थना करायची. जेवणाआधी करा. जेवणानंतर बाळ किरकिरतं आणि मुलगी पेंगते. बाळाच्या हाती पवित्र शास्त्र देऊ नका, त्याचा कागद फार पातळ असतो. त्याला त्याचं जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक द्या. तोही 'वाचतोय' एवढं त्याला पुरतं.

मंडळात पुढच्या वेळी विचारलं तर कार्ड काढून दाखवा: 'या आठवड्यात १२१वं चालू आहे, पाचवं वचन अडलंय.' खोटं हो म्हणावं लागणार नाही आणि पाचव्या वचनाबद्दल कुणीतरी काही सांगेल. त्यांच्यात आणखी दोघी-तिघी तुमच्यासारख्याच घरी जाऊन रडत असतील. त्यांतल्या एकीला शनिवारची ती एक ओळ मेसेजनं पाठवा, तिची मागवा. फक्त शनिवारी, आणि अध्याय मोजायचे नाहीत.

एक काळजीची गोष्ट. घरी येऊन रडते, असं लिहिलंत. बाळ चौदा महिन्यांचं आहे. रडू बहुतेक दिवशी येत असेल, झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, जेवणात, मुलांत, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. प्रसूतीनंतरचं नैराश्य महिन्यांनंतरही वर येतं, लांबतंही, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा आणि घरात कुणाला तरी सांगा. याचा विश्वास कमी असण्याशी संबंध नाही. पाळकांनाही सांगा, पण डॉक्टरांऐवजी नव्हे. त्या काळात १२१वं जड वाटलं तर १३वं घ्या, सहाच वचनं आहेत. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं देवाला तोंडावर विचारायला ते शिकवतं. तेही झेपलं नाही तर सासूबाईंनी वाचावं, तुम्ही ऐकावं.

पंधरा स्तोत्रं झाली की रूथ घ्या, एका अध्यायाला दोन आठवडे. मग फिलिप्पैकरांस पत्र, १०४ वचनं, दहा-दहा करत गेलात तर अकरा आठवड्यांत होतं. मध्ये लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आला तर हातातलं थांबवा आणि मार्कचे १४ आणि १५ हे अध्याय छोटे तुकडे करून वाचा, ईस्टरच्या आठवड्याला १६वा. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांना लूक घ्या: १:५-२५, १:२६-३८, १:३९-५६ आणि २:१-२०. तिसऱ्या आठवड्यात मरीयेचं गीत येईल तेव्हा त्याच्या शेजारी हन्नेचं गीत, १ शमुवेल २:१-१०, ठेवून पाहा. दोन आया, मध्ये हजार वर्षं, आणि शब्द किती जुळतात! हे उतारे पाच-दहा वचनांपेक्षा मोठे आहेत, तेव्हा कार्डावर सगळं लिहू नका, आवडलेली चार वचनं लिहा.

येत्या रविवारसाठी दोन कोरी कार्डं आणि एक बॉलपेन उद्याच आणून ठेवा. १२०व्यापासून नको, १२१पासूनच सुरू करा, ते वर उलगडून झालंय. १२०वं शेवटी घ्या.